सैल दोरावरचा पोनी: वेल्श माउंटन पोनी आणि हँडलर यांची इन-हँड वर्गासाठी बारा आठवड्यांची तयारी

घोड्यांच्या प्रदर्शनातल्या इन-हँड वर्गात, म्हणजे जनावर हाताने धरून दाखवायच्या स्पर्धेत, पोनीच्या पाठीवर खोगीर नसतं की स्वार नसतो. तोंडावर म्होरकी किंवा लगाम, एक दोर आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस, म्हणजे हँडलर, एवढंच. परीक्षक आधी सगळ्यांना गोल फिरताना बघतात, मग एकेकाला पुढे बोलावून जवळून न्याहाळतात, चालवून आणि दुडकीवर पळवून पाहतात. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन मिनिटं येतात. तेवढ्या वेळात दोर सैल राहिला तर पोनी जसा आहे तसा दिसतो. दोर ताणलेला असला की मान एका अंगाला कलते, पुढचे पाय तिरके पडतात, पाठ ताठरते, आणि ज्या गुणांसाठी पोनी आणला तेच झाकले जातात. म्हणून खाली जे काही सांगितलं आहे, खाण्यापासून खुरांपर्यंत आणि शाम्पूपासून बुटांपर्यंत, ते त्या सैल दोराच्या कामी येतं की नाही याच नजरेने वाचावं.

ब्रिटन आणि आयर्लंडच्या डोंगर-माळांवर तयार झालेल्या जाती या प्रदर्शनांत ‘नेटिव्ह’ म्हणून येतात: शेटलंड, एक्समूर, डार्टमूर, वेल्श, न्यू फॉरेस्ट, कॉनेमारा, फेल, डेल्स, हायलंड. मराठीत ‘तट्टू’ म्हटलं की हलकं, ओझ्याचं जनावर डोळ्यांसमोर येतं. पण भीमथडीचं तट्टू ज्या गुणांवर नावाजलं तेच गुण इथेही मोलाचे आहेत: कमी चाऱ्यावर तगणं, दगडाधोंड्यांत पाय न चुकणं, पाऊस-थंडीला न डगमगणं. इथे उदाहरणाला वेल्श माउंटन पोनी घेतला आहे. वेल्श पोनी अँड कॉब सोसायटी १९०१ सालची, आणि तिच्या वंशनोंदवहीतला हा ‘सेक्शन ए’. उंचीची कमाल मर्यादा १२ हँड, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटर. एक हँड म्हणजे ४ इंच. उंची मोजतात ती मान पाठीला जिथे मिळते त्या उंचवट्यापर्यंत, डोक्यापर्यंत नाही.

सेक्शन ए मध्ये परीक्षकाला हवं असतं ते असं: लहान, रेखीव, तोंडाकडे निमुळतं होत गेलेलं डोकं, टपोरे, धीट डोळे, छोटे टोकदार कान, भरदार छाती, मजबूत कंबर, खाली सुकी, कठीण हाडं. चाल चपळ आणि सरळ, खांद्यापासून उचललेली, गुडघे आणि मागचे मोठे सांधे नीट दुमडणारी. रंग कोणताही चालतो, फक्त मोठ्या पांढऱ्या पट्ट्यांचा अबलख सोडून. आपल्या पोनीचं जातीच्या वर्णनाशी किती जुळतं हे घरीच कागद समोर ठेवून प्रामाणिकपणे बघावं. उणीव लपवता येत नाही, पण कुठला गुण पुढे आणायचा ते कळतं.

कागदपत्रं आणि वैद्यकीय कामं आधी

वर्ग भरण्यापूर्वी प्रदर्शनाचं वेळापत्रक ओळ न् ओळ वाचावं. वय जानेवारीच्या १ तारखेपासून धरतात, त्यामुळे मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू पुढच्या १ जानेवारीलाच ‘एक वर्षाचं’ होतं आणि त्याला त्याच वर्गात जावं लागतं. पासपोर्ट, म्हणजे पोनीच्या ओळखीचं कागदपत्र, पोनीसोबतच न्यावा लागतो. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० पासून सर्व वयाच्या घोड्यांना मायक्रोचिप सक्तीची आहे. पासपोर्टावरचा मालक आणि प्रवेशअर्जावरचा मालक एकच आहे ना, हे आत्ताच बघावं. फाटकावर बघून उपयोग नाही. बऱ्याच ठिकाणी इक्वाइन फ्लूच्या (घोड्यांच्या फ्लूच्या) लसीची अट असते, आणि लस टोचल्यावर काही दिवस उलटेपर्यंत प्रवेश मिळत नाही. धनुर्वाताची लस अटीत असो-नसो, द्यायचीच.

बारा आठवडे आधी पशुवैद्याकडून दात बघून घ्यावेत. तोंडात लोखंडी कडी घालायची असेल तर पहिल्या दाढेपुढचा तो बारीक दात त्रास देतो का, हे आधी कळलेलं बरं. डोकं झटकणारे बरेच पोनी हट्टी नसतात, त्यांचं तोंड दुखत असतं. लिदीची तपासणी करून जंत असतील तरच औषध द्यावं. पट्टकृमी लिदीच्या तपासणीत सहसा पकडले जात नाहीत, त्यांच्यासाठी लाळेची वेगळी चाचणी असते.

वजन: इथेच सगळ्यात जास्त चुकतं

प्रदर्शनाचा पोनी ‘भरलेला’ दिसावा म्हणून खाऊ घालून गोल करायची खोड जुनी आहे आणि ती पोनीच्या जिवावर बेतते. या जाती खडतर माळावर जगायला घडल्या आहेत. इंग्लंडच्या हिरव्यागार कुरणात मे महिन्यात सोडलेला सेक्शन ए तीन आठवड्यांत ढोल होतो. पुढची पायरी लॅमिनायटिस: खुराच्या कवचाला आतल्या हाडाशी बांधून ठेवणारे पदर सुजतात, आणि दुखणं वाढलं तर ते हाड आतल्या आत फिरतं. खूर गरम लागणं, खुराच्या वरच्या सांध्यामागची नाडी ठणठण उडणं, पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेणं, कडक जमिनीवर वळताना आखडणं, यातलं एक जरी दिसलं तरी चालवणं थांबवायचं आणि पशुवैद्याला बोलवायचं. ‘प्रदर्शन झाल्यावर बघू’ ही भाषा इथे नको.

बरगड्या डोळ्यांनी नाही, हातांनी बघायच्या. एका हाताची घट्ट मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या हाडांवरून फिरवा. पोनीच्या बरगड्या अशा लागल्या तर तो वाळला आहे. मूठ उघडून हात सपाट धरा आणि पंजाच्या पाठीवरून बोटं फिरवा. हलक्या दाबाने हाडं कळतात पण टोचत नाहीत, पोनी असा हवा. आता पंजा उलटा करून अंगठ्याखालच्या मऊ मांसावर दाबा. बरगड्या अशा लागल्या तर तो जाड आहे, केसांची चमक कितीही असो. अंगावरच्या चरबीच्या ० ते ५ च्या मोजपट्टीवर २.५ ते ३ च्या आत राहावं. मानेच्या वरच्या कडेची चरबी हाताने डावी-उजवीकडे हलते की घट्ट झाली आहे, तेही दर आठवड्याला बघावं. ती कडक होणं ही धोक्याची घंटा.

चाऱ्याचा हिशेब सोपा आहे. पोनी २३० किलोचा धरला आणि त्याचं वजन उतरवायचं असलं तर दिवसाला वजनाच्या १.५ टक्के, म्हणजे साधारण ३.५ किलो कोरडा अंश (पाणी सोडून उरणारा चारा). वाळलेल्या गवतात सुमारे ८५ टक्के कोरडा अंश असतो, म्हणून गवत भरतं जवळजवळ ४ किलो. हे पूर्णपणे बांधून ठेवलेल्या पोनीचं माप आहे. चरायला सोडत असाल तर कुरणात पोटात गेलेलं यातून वजा होतं. पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय याच्या खाली जाऊ नये. उपाशी ठेवलेल्या पोनीची चरबी रक्तात उतरून यकृत बिघडतं, आणि लहान पोनींना तो धोका मोठा. गवत अंदाजाने नको, जाळीत भरून स्प्रिंगकाट्यावर तोलावं. गोडवा कमी करायला गवत तास-दोन तास पाण्यात भिजवतात. उन्हाळ्यात त्याहून जास्त ठेवलं तर आंबतं. भिजवल्याने क्षार आणि जीवनसत्त्वंही वाहून जातात, म्हणून सोबत कमी उष्मांकाचं खनिज मिश्रण वेष्टनावरच्या मापाने द्यावं. केसांची खरी चमक तिथून आणि खराऱ्यातून येते. बाटलीतून येणारी चमक पहिल्या घामाबरोबर जाते.

खाण्यातल्या मनाई असलेल्या पदार्थांकडे लक्ष हवं. कॅफीन आणि थिओब्रोमीन चाचणीत सापडतात, आणि ते चहात, कॉफीत, चॉकलेटात असतात. तबेल्यात आपल्या कपातला उरलेला चहा पोनीच्या बादलीत ओतायचा नाही, चॉकलेटचा तुकडा भरवायचा नाही. शांत करण्याच्या वनस्पती-चूर्णांत व्हॅलेरियन असेल तर तेही अडकवतं.

खुरं

इन-हँड वर्गातले बहुतेक नेटिव्ह पोनी बिननालांचे असतात, म्हणून खुराचा आकारच सगळं बोलतो. नालबंदाला दर सहा आठवड्यांनी बोलवा आणि शेवटची छाटणी प्रदर्शनाच्या सात ते दहा दिवस आधी येईल असं तारखांचं गणित मांडा. आदल्या दिवशी छाटलेला पोनी खडीवर हळवा पडतो, आखूड पावलं टाकतो, आणि परीक्षकाला ते लंगडणं वाटतं. तळातल्या मऊ त्रिकोणी भागाच्या खाचांतून काळा, घाण वास येणारा स्राव दिसला तर खूर रोज साफ करून कोरडं ठेवावं. ओल्या गादीवर उभं राहणं हेच त्याचं मूळ.

दोरावरचं शिक्षण

खरं काम हे. आठवड्यातून चार-पाच दिवस, दिवसाला वीस मिनिटं पुरतात. एक-दोन वर्षांच्या पिलांना दहा मिनिटं. कोवळ्या सांध्यांना गोल गोल फिरवण्याचा व्यायाम मानवत नाही, त्यामुळे पिलांच्या बाबतीत लांब दोरावर चक्रं मारायच्या फंदात न पडता सरळ रस्त्यावर फेरफटका मारावा.

हँडलर पोनीच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या रेषेत. दोर उजव्या हातात, हनुवटीपासून वीतभर अंतर सोडून. उरलेला दोर डाव्या हातात घड्या घालून. हाताभोवती किंवा मनगटाभोवती वेटोळं कधीही नाही: पोनी उधळला तर वेटोळं आवळतं आणि बोटं जातात. डाव्या हातातच पातळ छडी, टोक मागे. पोनी मागे रेंगाळला तर पुढून ओढायचं नाही. नजर समोर ठेवून आपण चालत राहायचं आणि पाठीमागून छडीचं टोक त्याच्या बरगडीमागे हलकेच टेकवायचं. एकदा टेकवा, उत्तर आलं की लगेच थांबा. इथे नवख्या माणसाकडून हमखास होणारी चूक म्हणजे मागे वळून पोनीच्या डोळ्यांत बघत दोर खेचणं. घोडावर्गीय जनावराच्या भाषेत तोंड त्याच्याकडे करून उभा असलेला माणूस म्हणजे ‘थांब’. आपण ‘थांब’ म्हणतो आणि त्याच वेळी ‘ये’ म्हणून ओढतो. पोनी गोंधळून पाय रोवतो, आणि आपण त्याला आडमुठा म्हणतो.

उलट पोनी पुढे घुसत असेल तर दोर आवळून धरू नका. आवळलेल्या दोरावर तो रेलतो आणि जितकं धराल तितका जोर लावतो. दोन पावलं चाला, थांबा. चार पावलं चाला, थांबा. त्याचा खांदा तुमच्या पुढे गेला की लगेच एक-दोन पावलं मागे घ्या, मग पुन्हा पुढे. आठवडाभरात तो तुमच्या खांद्याकडे बघून चालू लागतो. अंगावर रेलणाऱ्या पोनीला कोपर खांद्यात टेकवून दूर ठेवावं आणि कुंपणाच्या कडेने, कुंपण त्याच्या उजव्या अंगाला ठेवून, सरळ रेषेत चालवावं.

चौथ्या आठवड्यापासून दुडकी. आधी चालीचा वेग वाढवा, मग आवाज द्या, मग आपण पळायला लागा, या क्रमाने. सुरुवातीला मदतनीस पाच-सहा मीटर मागून नुसता चालत आला तरी पुरे. पळताना पोनीच्या पायांच्या ठेक्यावर आपली पावलं पडली की तो लयीत राहतो. हँडलर टपटप छोटी पावलं टाकत पळाला तर पोनीही आखडतो. डोकं मोकळं हवं. दोर हनुवटीखाली आवळून पळवलं तर तोंड तुमच्याकडे वळतं, डावा पुढचा पाय बाहेर फेकला जातो, आणि समोरून बघणाऱ्या परीक्षकाला निर्दोष पायांचा पोनी वाकड्या पायांचा दिसतो. मोबाइल जमिनीपासून पोनीच्या छातीच्या उंचीवर धरून समोरून आणि मागून चित्रण करा. दोर सैल असताना एकदा, आवळून एकदा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की पुन्हा सांगायला लागत नाही.

वळण नेहमी उजवीकडे, म्हणजे पोनीला आपल्यापासून दूर ढकलत. आपण बाहेरच्या बाजूने मोठा फेरा मारायचा, तो आतल्या बाजूला मागच्या पायांवर भार घेऊन वळतो. आपल्याकडे ओढून वळवलं तर तो आपल्या पायावर पाय देतो, तोल जातो, आणि दुडकीच्या सुरुवातीलाच फरपटतो. मैदानात तीस मीटरवर दोन खुंट्या रोवा: एकीपासून चालत जा, दुसरीला उजवीकडून वळा, एक क्षण सरळ उभं करा, मग दुडकीने परत. रोज चार-पाचदाच. वीस वेळा केलं तर पोनी विटतो आणि वळणाची खुंटी दिसली की मान खाली घालतो.

उभं राहणं

उभं करायची पद्धत अशी की परीक्षकाला बाजूने चारही पाय दिसावेत. परीक्षक डाव्या अंगाला असले तर डावा पुढचा पाय उजव्यापेक्षा किंचित पुढे, आणि डावा मागचा पाय उजव्यापेक्षा किंचित मागे. अंतर खुराच्या लांबीहून फार जास्त नको. पाय ताणून उभा केलेला पोनी पाठीत खचलेला दिसतो. आधी मागचे पाय लावून घ्या, कारण ते हलले की पुढचेही हलतात. पुढे-मागे करताना एका वेळी अर्धं पाऊल, म्होरकीवर दोन बोटांचा दाब देऊन. मग आपण समोर येऊन दोराच्या लांबीवर, त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं. जमीन उताराची असेल तर पुढचे पाय चढाच्या बाजूला घ्यावेत. उलटं केलं तर पोनी पुठ्ठ्यावर उंच आणि खांद्यात दबलेला दिसतो.

कान पुढे यावेत म्हणून मूठभर गवत उपटून त्याच्या नाकासमोर नाही, थोडं दूर आणि कमरेच्या उंचीवर धरावं. दर वेळी खाऊ दिला तर तो खिसे हुंगू लागतो, मग चावू लागतो. घरी उभं राहण्याचा वेळ दहा सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत हळूहळू वाढवा, आणि पोनी हलण्याआधी आपणच ‘चल’ म्हणा. शेवटच्या महिन्यात अनोळखी माणसांकडून त्याच्या पाठीवरून, पायांवरून हात फिरवून घ्यावा, टोपी घातलेल्या, छत्री धरलेल्या माणसांकडूनही. परीक्षकाचा हात रिंगणात पहिल्यांदा लागू नये.

केस, आयाळ, शेपूट

नेटिव्ह पोनीला वेण्या घालत नाहीत, शेपटीचे केस उपटत नाहीत. पण ‘नैसर्गिक’ म्हणजे अस्ताव्यस्त नाही, आणि प्रत्येक जातीची रीत वेगळी. फेल, डेल्स, हायलंड आणि शेटलंड यांच्या खुरांवरची झालर, लांब आयाळ, भरघोस शेपूट जशीच्या तशी राखतात; तिथे कात्री लावणं म्हणजे जातीची ओळख कापणं. एक्समूरलाही कात्रीचं काम नाही. सेक्शन ए ला थोडी मोकळीक आहे: टाचांमागचे केस कंगव्यावर उचलून कात्रीने हलके कमी करतात, जबड्याखालची दाढी सारखी करतात, आयाळ फार दाट असेल तर थोडी विरळ करतात. कानाच्या मागे आयाळीची एकच बारीक वेणी घालून गळ्याची रेखीव कड दाखवायची वेल्श रीतही आहे. कान मुठीत हलके मिटून कडेबाहेर आलेले केस तेवढे कापावेत. कानातले केस माश्या आणि पाण्यापासून राखण करतात, त्यांना हात लावू नये. मिशाही तशाच ठेवाव्यात. नाकाभोवतीचे ते राठ केस पोनीची स्पर्शाची इंद्रियं आहेत. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा संघटनेनेही जुलै २०२१ पासून ते कापायला मनाई केली आहे.

शाम्पूची आंघोळ दोन-तीन दिवस आधी. शाम्पूने अंगचं तेल निघून जातं आणि केस फुलून उभे राहतात. तेल परत यायला तेवढे दिवस लागतात. शाम्पू थेट पाठीवर ओतू नये, कोमट पाण्याच्या बादलीत विरघळवून स्पंजाने लावावा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावा. आयाळीच्या मुळाशी राहिलेल्या फेसाने खाज सुटते, पोनी कुंपणाला मान घासतो, आणि वर्षभर वाढवलेली आयाळ एका रात्रीत तुटते. पांढऱ्या-करड्या पोनीच्या लिदीच्या डागांना जांभळा शाम्पू चालतो, पण बाटलीवर सांगितलेल्या मिनिटांहून जास्त नाही, नाहीतर जांभळट छटा रिंगणात उन्हात उठून दिसते. शेपूट धुतल्यावर ओली असताना ब्रश ओढू नये. आधी बोटांनी, खालच्या टोकापासून वर, बटा सोडवत जावं. शेपटीचा केस पुन्हा पूर्ण लांबीचा व्हायला वर्षं लागतात.

रोजचा खरारा पंधरा मिनिटं: रबरी खराऱ्याने गोल गोल फिरवून मळ आणि गळके केस वर आणायचे, मग मऊ ब्रशने केसांच्या दिशेने काढायचे. पायांच्या हाडाळ भागावर आणि तोंडावर रबरी खरारा नको.

साज आणि माणसाचे कपडे

सेक्शन ए घोडी आणि पिलांना साधी तपकिरी चामड्याची म्होरकी किंवा पांढरी पट्ट्याची म्होरकी शोभते. कपाळावर रंगीत पट्टी नेटिव्ह पोनीला नको. चामड्याचा पट्टा गालाच्या हाडाखाली दोन बोटं बसावा आणि नाकपट्टीत दोन बोटं सहज जावीत. खच्ची न केलेल्या मोठ्या नरांना तोंडात कडी असलेला लगाम लागतो. तो धरणाऱ्याच्या वयाची आणि हेल्मेटची अट वेळापत्रकात बघावी. कडी असेल तर दोर एकाच बाजूच्या वळ्यात अडकवू नये, ओढ लागली की कडी तोंडात तिरकी फिरते. दोन्ही वळ्यांना जोडणारा छोटा दुवा घालून त्याच्या मधोमध दोर लावला की दाब दोन्हीकडे सारखा पडतो. नवा साज प्रदर्शनाच्या दिवशी पहिल्यांदा घालायचा नाही. तीन आठवडे आधीपासून घालून चामडं मऊ आणि पोनी निश्चिंत होऊ द्यावा.

हँडलरने फिकट शर्ट, टाय, ट्वीडचा कोट किंवा वेस्टकोट, साधी विजार, टोपी किंवा हेल्मेट, हातमोजे असा पोशाख करावा. बुटांच्या तळाला पकड हवी, कारण दवाने ओल्या गवतावर पळायचं आहे. नवे बूट आदल्या आठवड्यात पळून वापरून बघा. करड्या पोनीशेजारी करडा कोट घातला की दोघांच्या कडा एकमेकांत मिसळतात, गडद घालावा. खिशात वाजणारी नाणी, किल्ल्या नकोत. बांगड्या आणि लोंबती कर्णफुलं घरी ठेवावीत, मंगळसूत्र शर्टाच्या आत. दोरात अडकलेला दागिना ओरबाडून निघतो. साडी किंवा सैल ओढणी घालून पोनी पळवणं धोक्याचं आहे, ते टाळावं. आणि हँडलरचा दम हाही तयारीचाच भाग: बारा आठवडे पोनीसोबत दुडकीवर पळालं की तो आपोआप येतो, पण दुसऱ्याच्या पोनीसाठी आयत्या वेळी हँडलर म्हणून उभं राहायचं असेल तर साठ मीटर न धापता पळता येतं का, हे आधी घरी बघावं.

प्रदर्शनाचा दिवस

गाडीत चढण्याचा सराव निदान चार वेळा झालेला असावा, त्यात एक छोटा प्रवासही. शेपटीला प्रवासात पट्टी बांधायची तर कोरडी. ओली पट्टी वाळताना आवळते, शेपटीच्या दांड्याचं रक्त थांबतं, पुढे तिथले केस झडतात किंवा पांढरे उगवतात. आपली बादली, आपलं पाणी. सामाईक हौदात तोंड घालू देऊ नये आणि अनोळखी घोड्याला नाक लावू देऊ नये, घशाची साथ अशीच पसरते. वर्गाच्या दीड-दोन तास आधी पोहोचलं की पोनीला पंधरा-वीस मिनिटं हाताने चालवून आवाज, तंबू, लाउडस्पीकर दाखवता येतात.

शेवटच्या अर्ध्या तासात ओल्या फडक्याने डोळे, नाकपुड्या आणि शेपटीखालचा भाग पुसावा. नाकावर आणि डोळ्यांभोवती बेबी ऑइलचा पातळ हात चालतो, पण नाक गुलाबी कातडीचं असेल तर तेल उन्हात भाजतं. तिथे सनस्क्रीनच लावावं. पांढऱ्या पायांना खडूची पूड लावली असेल तर पूर्ण वाळल्यावर झटकून काढावी, परीक्षकाच्या हाताला लागता कामा नये. खुरं कोरडी करून रंग नसलेलं तेल अगदी फाटकाजवळ लावावं. आधी लावलं तर धूळ चिकटते, ओल्या खुरावर लावलं तर फुटून डाग पडतात. नंबर कमरेला बांधावा.

रिंगणात बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, म्हणजे पोनी आत आणि हँडलर बाहेरच्या बाजूला, आणि परीक्षकाची नजर अडत नाही. पुढच्या पोनीपासून दीड-दोन पोनींचं अंतर सोडा. कोपऱ्यात खोलवर जाऊन अंतर मिळवता येतं. पुढच्याला ओलांडू नका. परीक्षक पाठ फिरवून दुसऱ्याकडे बघत असले तरी दोर सैल ठेवून पोनी जागा ठेवा, ओळीतल्या एका नजरेतही मत बनतं. बोलावणं आलं की सरळ परीक्षकाकडे चालत जा, चार-पाच पावलांवर थांबून उभं करा. विचारलं तर वय आणि वडिलांचं नाव सांगा. न विचारता पोनीची कहाणी सांगू नका. ते समोर किंवा मागे गेले की एक पाऊल बाजूला सरून त्यांना पोनी दिसू द्या. मग चालत दूर, उजवीकडे वळण, दुडकीने परत, थेट त्यांच्या अंगावर जाणार नाही पण शेजारून जाईल अशा रेषेत. त्यांच्यासमोर येऊन थबकू नका. दुडकी त्यांच्या मागेही दहा-पंधरा मीटर चालू ठेवली तर बाजूची चालही दिसते.

पोनीने मध्येच उसळी मारली किंवा शिंगरासाठी हाक घातली तर दोर लांब सोडून एक छोटं वर्तुळ घ्या, चालीवर आणा, परीक्षकाच्या नजरेला नजर देऊन पुन्हा दुडकी मागा. बहुतेक परीक्षक दुसरी संधी देतात. छडीने मारणं, दोराला झटके देणं, ओरडणं यांनी वर्ग तिथेच संपतो.

ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकाची फीत लाल, दुसऱ्याची निळी, तिसऱ्याची पिवळी, चौथ्याची हिरवी. परीक्षक मोकळे झाल्यावर त्यांना विनम्रपणे विचारलं तर बरेच जण एक-दोन वाक्यांत सांगतात की पोनी मागे का पडला. ते तिथेच वहीत लिहावं, आणि हँडलरबद्दल म्हटलेलं आधी लिहावं, कारण पुढच्या प्रदर्शनापर्यंत तेच बदलता येतं.

घरी पोहोचल्यावर तेल आणि पूड कोमट पाण्याने पुसून काढा, खुरांखाली खडा अडकला नाही ना बघा, दोन्ही पुढच्या खुरांना हात लावून उष्णता तपासा. साज उतरवा, आणि गवत तोलून द्या, त्या दिवशीही ४ किलोच.